रात्री ओरडणारे ऑफिसर: डॉक्टर रिव्हर्स आणि लेफ्टनंट ससून

(दृश्य: पुणे कॅम्प, लाल विटांचा उंच मनोरा, रस्त्यावरची वर्दळ)

हा मनोरा पुणेकरांनी हजार वेळा पाहिलाय. आपण याला लाल देऊळ म्हणतो, खरं तर हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ओहेल डेव्हिड, आणि याच्याच आवारात डेव्हिड ससून यांची कबर आहे. बगदादहून मुंबईत येऊन मोठे झालेले व्यापारी, १८६४ साली पुण्यात वारले. स्टेशनजवळचं ससून हॉस्पिटल यांच्या देणगीतून, मुंबईत काळा घोड्याची लायब्ररी यांच्या नावाची, कुलाब्याचा ससून डॉक यांच्या मुलाने बांधलेला.

आता या डेव्हिड ससून यांचा एक पणतू होता, सिगफ्रीड. इंग्लंडमध्येच जन्मलेला, कवी, क्रिकेट आणि घोडेस्वारीचा शौकीन, पहिल्या महायुद्धात शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळालेला लेफ्टनंट. १९१७ च्या जुलैमध्ये आर्मीने त्याला मानसिक रुग्णांच्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं, आणि तिथे त्याला भेटले डॉक्टर रिव्हर्स.

(दृश्य: एडिनबरा, क्रेगलॉकहार्टची दर्शनी बाजू, मागे टेकडी)

हीच ती बिल्डिंग. स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा, तिच्या कडेला हे क्रेगलॉकहार्ट. १८८० मध्ये सुरू झालं ते श्रीमंतांसाठी, पाण्याच्या उपचारांचं हॉटेल म्हणून, गरम पाण्यात बसा, थंड पाण्यात बसा, बागेत फिरा. ऑक्टोबर १९१६ मध्ये आर्मीने ते ताब्यात घेतलं आणि फ्रान्सच्या खंदकांतून मन मोडून परत आलेले ऑफिसर इथे येऊ लागले. युद्ध संपेपर्यंत दीड हजाराहून जास्त. आज इथे नेपियर युनिव्हर्सिटीचं कॅम्पस आहे, बिझनेस स्कूल, बाजूला ते चकाकतं अंड्याच्या आकाराचं लेक्चर हॉल दिसतंय ना, ते आत्ताचं. जुन्या भागात युद्धकवींचं छोटं संग्रहालय केलंय, तिथे काचेमागे हे मासिक बघा, हायड्रा, पेशंट लोकच काढायचे, आणि काही काळ त्याचा संपादक होता कवी विल्फ्रेड ओवेन, जो इथेच पेशंट होता.

(दृश्य: लांब कॉरिडॉर, बंद दारांची रांग)

दिवसा हे ठिकाण शांत असायचं. कोणी गोल्फ खेळतंय, कोणी फोटोग्राफी करतंय. पण रात्री या कॉरिडॉरमध्ये काय चालायचं ते ससूनने नंतर लिहून ठेवलंय, की दिवसा डॉक्टरांच्या हातात असलेला माणूस रात्री एकटा पुन्हा आपापल्या खंदकात पोचायचा. दारादारांमागून ओरडण्याचे आवाज यायचे, कोणी झोपेच्या भीतीने जागाच बसून असायचा.

मनोविकारतज्ज्ञ आणि आतून पोखरलेला सैनिक, या दोन पात्रांवर भयकादंबऱ्या लिहिल्या गेल्यात, वाचताना अंगावर काटा येतो. पण रिव्हर्स यांनी स्वतः मेडिकल जर्नलमध्ये छापलेल्या केसेस वाचा. एक ऑफिसर होता, तोफगोळ्याच्या स्फोटाने उडाला आणि तोंडावर पडला तो थेट कित्येक दिवसांपूर्वी मेलेल्या जर्मन सैनिकाच्या फुगलेल्या पोटावर. पोट फुटलं. शुद्ध जायच्या आधी त्याला कळलं होतं की आपल्या तोंडात काय भरलंय. पुढे कित्येक दिवस उलट्या, आणि ती चव, तो वास जातच नाही. यापेक्षा भयंकर काही कल्पनेतून लिहून दाखवा.

(दृश्य: निलगिरी, हिरवा उतार, तोडा लोकांची अर्धगोल छपराची झोपडी)

आता थोडं मागे जाऊ, कारण रिव्हर्स असे कसे घडले ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ही झोपडी उटीच्या बाजूची. दार केवढं आहे बघा, रांगतच आत जावं लागतं. १९०१-०२ मध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे केंब्रिजचे एक संशोधक इथे येऊन राहिले, तोडा लोकांमध्ये, आणि प्रत्येकाला बसवून विचारत राहिले, तुझे वडील कोण, आजोबा कोण, ही तुझी कोण लागते. त्यातून सातशेहून जास्त पानांचं पुस्तक झालं, १९०६ साली. नाती विचारता विचारता अख्खा समाज समजून घ्यायचा ही पद्धत मानववंशशास्त्रात त्यांच्यामुळे रुळली. मला तरी वाटतं की समोरच्याला बोलू द्यायचं, मध्ये आपलं शहाणपण आणायचं नाही, ही सवय त्यांना इथेच पक्की लागली असणार.

आणि त्यांना स्वतःला बोलायचा त्रास होता, आयुष्यभर अडखळत बोलायचे. वडील तोतरेपणावर उपचार करणारे धर्मगुरू, पण मुलाचा तोतरेपणा काही गेला नाही.

(दृश्य: केंब्रिज, सेंट जॉन्स कॉलेज, अंगण आणि खिडक्या)

या कॉलेजमधल्या त्यांच्या खोल्यांत अजून एक विलक्षण गोष्ट झाली. १९०३ मध्ये त्यांचे मित्र डॉक्टर हेन्री हेड यांनी स्वतःच्या डाव्या हाताचे मज्जातंतू मुद्दाम कापून घेतले, का तर संवेदना परत कशी येते ते बघायला, आणि पुढे चार वर्षं रिव्हर्स त्या हाताला टोचून, गरम गार लावून नोंदी घेत राहिले, हेड डोळे मिटून बसायचे. मित्राला दुखतंय हे दिसतंय आणि तरी दुखणं नीट समजून घ्यायचंय, चार वर्षं. असा माणूस आर्मीचा युनिफॉर्म घालून, पन्नाशी ओलांडल्यावर, क्रेगलॉकहार्टला आला.

(दृश्य: क्रेगलॉकहार्टमधली खोली, दोन खुर्च्या, खिडकीतून उजेड)

तेव्हा अशा पेशंटला सगळे एकच सल्ला द्यायचे, डॉक्टर द्यायचे, घरचेही द्यायचे. विसरून जा. त्याचा विचारच करू नको, चांगलं काहीतरी डोळ्यांसमोर आण, सुंदर डोंगर, समुद्र. आपल्या घरांत आजही हेच म्हणतात, प्रेमानेच म्हणतात. रिव्हर्स यांनी डिसेंबर १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये उभं राहून सांगितलं की हा सल्लाच पेशंटला आजारी ठेवतोय. दिवसभर जोर लावून आठवण दाबायची, आणि झोपेत तो जोर सुटला की ती दुप्पट ताकदीने वर येते.

मग ते काय करायचे? बोलायला लावायचे. एक तरुण ऑफिसर, त्याचा जिवलग मित्र तोफगोळ्याने छिन्नविच्छिन्न झालेला, शोधायला हाच गेला होता आणि धड एकीकडे, डोकं एकीकडे अशा अवस्थेत त्यालाच सापडला. रोज रात्री तो मित्र स्वप्नात यायचा, कधी तसा तुकड्यांत, कधी महारोगी होऊन, जवळ जवळ सरकत. रिव्हर्स यांनी त्याला विसर म्हटलं नाही. ते त्याच्याबरोबर त्याच दृश्यापाशी गेले आणि म्हणाले की शरीराची जी दशा तू पाहिलीस त्यावरून एक नक्की आहे, तो एका क्षणात गेला, ज्या यातना भोगत बाकीचे तासन्‌तास मरतात त्या त्याला झाल्या नाहीत. तो ऑफिसर एकदम उजळला. काही रात्री स्वप्न आलंच नाही. मग आलं, त्यात तो मित्राच्या शेजारी गुडघे टेकून बसलाय, त्याच्या वस्तू घरच्यांना पाठवायला काढून घेतोय. जाग आली तेव्हा दुःख होतं पण ती दहशत नव्हती. पुढे एका स्वप्नात तर तो त्या मित्राशी बोललाही.

आणि रिव्हर्स प्रामाणिक होते हो. त्या पहिल्या केसमध्ये, तोंडात ते सगळं भरलेल्या माणसाच्या बाबतीत, धरायला एकही बरी बाजू सापडत नाही असं त्यांनी सरळ लिहिलं. त्याला आधी खेड्यात, युद्धाची कुठलीच आठवण नसलेल्या ठिकाणी बरं वाटलं होतं, म्हणून आर्मी सोडून तिकडेच जा असा सल्ला दिला. सतत तेच उगाळत बसा असंही ते म्हणाले नाहीत, त्यालाही विरोधच होता त्यांचा.

(दृश्य: ससूनचा युनिफॉर्ममधला फोटो, मग ३१ जुलै १९१७ चा द टाइम्स)

ससूनची गोष्ट वेगळी. तो आजारी नव्हताच असं रिव्हर्स यांचं मत. त्याने जाहीर पत्रक काढलं होतं, की हे युद्ध मुद्दाम लांबवलं जातंय, मी यापुढे लढणार नाही. पार्लमेंटमध्ये वाचलं गेलं, पेपरात छापून आलं. कोर्टमार्शल होऊ शकलं असतं, पण मित्र रॉबर्ट ग्रेव्हज धडपडला आणि मेडिकल बोर्डापुढे नेऊन त्याला इथे आणलं. आठवड्यातून तीन संध्याकाळी ससून आणि रिव्हर्स बोलत बसायचे. एकाचं काम दुसऱ्याला परत लढायला तयार करणं, आणि दुसरा म्हणतोय की लढणंच चुकीचं आहे. रिव्हर्स यांनी नंतर स्वतःच्या स्वप्नांवर लिहिलं, त्यात हा पेशंट आहे आणि हा विचारही आहे की याला बदलता बदलता मीच बदललो तर? असं लिहायला केवढं धैर्य लागतं.

नोव्हेंबरमध्ये ससून परत गेला, आपल्या जवानांना एकटं सोडवेना म्हणून. १९१८ मध्ये डोक्याला गोळी लागली, वाचला. ओवेनही परत गेला, युद्ध संपायला एक आठवडा असताना मारला गेला. रिव्हर्स १९२२ मध्ये अचानक वारले.

(दृश्य: लंडन, क्वीन स्क्वेअर, मग स्टॅफर्डशायर, ओळीने लाकडी खांब)

हे सगळं ऑफिसरांचं. साध्या शिपायाची वाचा गेली तर लंडनमध्ये क्वीन स्क्वेअरच्या हॉस्पिटलात त्याला खुर्चीला बांधून, दार बंद करून घशाला विजेचे झटके दिले, बोलेपर्यंत, आणि ते डॉक्टर येलँड यांनी अभिमानाने पुस्तकात लिहिलं. हे खांब ज्यांच्या नावाचे आहेत ते ३०६ जण पळाले, घाबरले अशा गुन्ह्यांसाठी आपल्याच सैन्याने गोळ्या घातलेले, माफी मिळाली २००६ मध्ये.

(दृश्य: पुणे, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचं गेट)

पुन्हा पुण्यात येऊ. ससून हॉस्पिटलपासून हे कॉलेज काही फार लांब नाही. इथे १ डिसेंबर २०२३ ला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास सैन्यदलासाठीचा कक्ष सुरू झाला, सैनिक आणि त्यांच्या घरच्यांना मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलता यावं म्हणून. सातारा, कोल्हापूर, कोकण, आपल्याकडे घरटी फौजी असलेली गावं आहेत, सुट्टीवर आलेला मुलगा रात्री दचकून उठतो आणि घरचे म्हणतात, विसरून जा रे. त्या घरांपर्यंत हा व्हिडिओ पोचवा. टेलिमानसचा नंबर १४४१६, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.