पॅकेटवरची तारीख आणि आतलं यीस्ट

हे बघा, तुर्भे एमआयडीसी, मे महिना, दुपारचे दोन वाजलेत आणि बाहेर नुसती काहिली. आपल्याबरोबर आहेत त्या ताई इथल्या एका मायक्रोब्रूअरीत बीअर बनवतात. रेसिपी मात्र घरी ऐरोलीत, जेवणं उरकल्यावर लॅपटॉपवर बनते. फक्त रेसिपी हं, कारण परवान्याशिवाय घरी बीअर काढायला आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे, म्हणून ट्रायलची २० लिटरची बॅच इथेच लागते.

ब्रूफादर, बीअरस्मिथ, ब्रूटार्गेट, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य किती, हॉप्स म्हणजे ती कडू फुलं कधी, कडवटपणा किती, हे ते पटापट सांगतं. खरी गंमत यीस्टची, म्हणजे बीअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाची आहे. विरजण किती लावायचं ते आपल्या घरात हाताच्या अंदाजाने ठरतं ना, थंडीत जरा जास्त, उन्हाळ्यात कमी, इथे तोच अंदाज आकड्यात मांडायचा असतो. एल प्रकारच्या बीअरला दर मिलिलिटरला, दर डिग्री प्लेटोला (प्लेटो म्हणजे आंबवायच्या द्रवातल्या साखरेचं माप) यीस्टच्या साडेसात लाख पेशी लागतात, म्हणजे २० लिटर, १२ प्लेटो, झाल्या १८० अब्ज! आणि ताज्या लिक्विड यीस्टच्या पॅकेटात असतात साधारण १०० अब्ज. उरलेल्या आधी वाढवून घ्यायच्या, थोड्याशा पातळ वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात, त्यालाच स्टार्टर म्हणतात.

आता हे पॅकेट महिनाभर जुनं. सॉफ्टवेअरने तारीख बघितली, महिन्याला वीसेक टक्के पेशी मरतात असं धरलं, ८० अब्ज जिवंत मानल्या आणि ७०० मिलीचा स्टार्टर सांगितला. पण हे पॅकेट दोन दिवस कुरिअरच्या टेम्पोत फिरत होतं, आतला बर्फाचा पॅक आला तेव्हा कोमट होता, ते सॉफ्टवेअरला कोण सांगणार?

म्हणून ताई मायक्रोस्कोप काढतात. एक थेंब यीस्ट, एक थेंब मिथिलीन ब्लू. जिवंत पेशी त्या रंगाला बिनरंगी करून टाकते, मेलेली निळी राहते. बघा, निळ्या किती आहेत... मोजल्या तर शंभरात पन्नास. मला तर हे बघताना खरंच वाईट वाटलं.

मग ताईंनी जिवंत पेशींच्या रकान्यात हाताने ५० टाकलं. हवेत अजून १३० अब्ज, आणि स्टार्टर सतत ढवळत ठेवला तर ज्यापासून त्याचं वर्ट करतात त्या माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या, म्हणजे माल्टच्या अर्काच्या, एका ग्रॅमला साधारण १.४ अब्ज नव्या पेशी मिळतात, म्हणजे ९३ ग्रॅम, लिटरला १०० ग्रॅमच्या हिशोबाने ९३० मिली. तो ७०० मिलीवालाच केला असता तर यीस्ट कमी पडलं असतं, आंबायला उशिरा सुरुवात, नको ते वास, कधी कधी तर मधेच थांबतं.

स्टार्टरचा फ्लास्क आता ढवळला जातोय, वर फेस यायला लागलाय. उद्या फ्रिजमध्ये जाईल, यीस्ट तळाशी बसलं की वरचं पाणी ओतून द्यायचं. ताईंनी फ्लास्कवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली आणि खाली बारीक अक्षरात, पॅकेट किती दिवस प्रवासात होतं तेही.