आधी रबर, मग स्प्रिंग

(काळा पडदा. आधी ग्राइंडरचा आवाज, मग ठिणग्या.)

ही नळी गेली तीसहून जास्त वर्षं गाडीचं पुढचं चाक पेलते आहे. आता ती कापली जातेय. एकदा कापली की ती पुन्हा पूर्वीसारखी होणार नाही, हे मालकिणीला ठाऊक आहे. म्हणून खूण तिने स्वतः केली, तीनदा मोजून.

गाडी बीएमडब्ल्यूची ई-३०. हे मॉडेल १९८२ साली आलं. त्याचंच शर्यतीचं रूप म्हणजे एम-३. १९८७ साली वर्ल्ड टूरिंग कार चॅम्पियनशिप पहिल्यांदा भरली, तेव्हा चालकांचं विजेतेपद रोबेर्टो राव्हाल्याने याच एम-३मधून मिळवलं. रस्त्यावरच्या साध्या ई-३०चा सांगाडा त्याच घरातला आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (चाक पेलणारी उभी नळी, जिच्या आत शॉक, म्हणजे हेलकावे आवरणारा दांडा, असतो), मागे तिरक्या अक्षावर फिरणारे सेमी-ट्रेलिंग आर्म. त्यामुळे या गाडीला शर्यतीचं सस्पेन्शन लावावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. मात्र सुरुवात कुठून करायची, यात बहुतेक जण चुकतात. कॉइलओव्हरचा, म्हणजे शॉकभोवती स्प्रिंग बसवलेल्या, उंची बदलता येणाऱ्या संचाचा चकचकीत खोका आधी उघडला जातो.

इथे आधी उघडलं ते हे.

(तळहातावर रबरी बुश. अंगठ्याने दाबल्यावर चीर उघडते.)

लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी जोडणारा दांडा; त्याच्या मागच्या टोकाचा हा बुश, सांध्यातलं रबरी कडं. बाहेरून धड दिसतो, पण पिळला की आतून फाटलेला. ब्रेक दाबला की या फटीतून सगळा आर्म मागे सरकतो, त्याबरोबर चाकही सरकतं आणि स्टिअरिंग हातात धरलेलं असूनही गाडी आपली दिशा बदलते. मालकीण याला कित्येक महिने ‘जुन्या गाडीचा स्वभाव’ म्हणत होती. तो स्वभाव नव्हता, मूठभर रबर होतं. चाकच जागेवर राहत नसेल, तर त्याच्यावर कितीही महागडा शॉक लावा, तो बिचारा कशाला आवरणार?

नवा बुश विकेंद्री आहे. नीट पाहा, भोक मधोमध नाही, एका बाजूला आहे. एम-३मध्ये याच जागी असा बुश असायचा आणि तो साध्या ई-३०लाही बसतो. त्याने कॅस्टर वाढतो, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष मागे जास्त झुकतो. वळणात बाहेरचं चाक माथ्याकडून आत कलतं, टायर रस्त्याला सपाट टेकतो आणि वळण संपताना स्टिअरिंग आपसूक सरळ व्हायला बघतं. रबराच्या एका कड्यातून एवढं मिळतं. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत मोठा फरक इथेच पडला.

(प्रेसचा आवाज. जुना बुश कुरकुरत बाहेर येतो.)

आता पुन्हा त्या कापलेल्या नळीकडे. ई-३०मध्ये स्ट्रटची नळी आणि चाकाचा स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) हा एकच, अखंड भाग असतो. शॉक त्या नळीच्या आत सोडलेला असतो. म्हणूनच कॉइलओव्हरच्या बऱ्याच संचांसाठी जुनी नळी कापून, आटे पाडलेली नवी नळी तिच्या जागी वेल्ड करावी लागते. वेल्डिंगची धग बेअरिंगपर्यंत पोचते, म्हणून बेअरिंग आधीच उतरवून ठेवलेलं. वेल्डर आधी चार ठिकाणी टाका मारतो, गुण्या लावून नळी सरळ आहे ना ते बघतो, मगच पूर्ण जोड फिरवतो. जोड लाल आहे तोवर त्याला कोणी हात लावत नाही, पाणी टाकत नाही. आपला आपण निवू देतात.

(निवेदन नाही. लाल जोड हळूहळू काळा पडतो.)

त्या आट्यांवर फिरणारी ही चकती म्हणजे कॉलर. ती खाली फिरवली की गाडी खाली बसते. मोह इथेच होतो. मॅकफर्सन स्ट्रटची गाडी प्रमाणाबाहेर खाली आणली, तर लोअर आर्म उलटा कलतो. त्याचं चाकाकडचं टोक वर जातं. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर मग गुरुत्वमध्यापेक्षाही झपाट्याने खाली जातो, दोघांमधलं अंतर वाढतं आणि तेवढ्याच स्प्रिंगवर गाडी वळणात आधीपेक्षा जास्त झुकू लागते. दिसायला शर्यतीची, वागायला होडी. मागे तर आर्मचा अक्षच तिरका, त्यामुळे गाडी जेवढी खाली, तेवढी मागची चाकं आत कलतात आणि त्यांचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय, तोही बदलतो. हे सुधारायला कारखान्याने मागे काही सोय ठेवलेली नाही. म्हणून इथे उंची ठरवली ती आर्मकडे बघून. आर्म जवळजवळ आडवा झाला आणि कॉलर तिथेच थांबली.

स्प्रिंग दुप्पट कडक केली, तर गाडीचे हेलकावे साधारण १.४ पट जलद होतात. जुन्या शॉकला ते आवरत नाहीत, म्हणून स्प्रिंग आणि शॉक जोडीनेच बदलायचे. शॉकच्या माथ्यावरचा हा खटका रिबाउंडचा, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडेल त्याचा. पूर्ण बंद करायचा, तिथून उलटे खटके मोजत यायचं आणि वहीत लिहायचं. दोन्ही बाजूंना आकडा एकच.

(चार काटे. चार चाकं. आकडे स्थिरावतात.)

गाडी चार वजनकाट्यांवर उभी आहे. चालकाच्या सीटवर मालकिणीच्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या. अँटी-रोल बारच्या (वळणात गाडीचं झुकणं आवरायला डावं-उजवं चाक जोडणारी सळई) लिंक सोडवलेल्या, नाहीतर बारचा पीळ आकड्यांत घुसतो. डुगडुगणारं टेबल आठवा. एक पाय जरा लांब असला, की तो आणि त्याच्या समोरचा तिरका पाय मिळून सगळा भार घेतात, उरलेले दोन नुसते टेकलेले. गाडीचंही तेच. एका कोपऱ्याची कॉलर वर घेतली की त्या चाकावरचा आणि तिरप्या समोरच्या चाकावरचा भार वाढतो. तिरप्या जोडीची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी आली, तर गाडी डावीकडे आणि उजवीकडे सारखी वळेल.

“थांबू?”

“अजून अर्धा फेरा.”

(काट्याचा आकडा बदलतो. मालकीण आणि कॉलर फिरवणारी, दोघीही काही बोलत नाहीत.)

मग सगळे रबरी बुश शेवटचे आवळले, गाडी चाकांवर उभी असताना. गाडी हवेत लटकवून आवळले, तर जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. अलाइनमेंट झालं, हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवला, ब्रेकचे होस (रबरी नळ्या) चाक पूर्ण वळवून कुठे ताणतात का ते पाहिलं. खडबडीत रस्त्यावर आता हादरे जास्त जाणवतात, आणि असे बदल बऱ्याच देशांत तपासणीला दाखवावे लागतात, विमा कंपनीलाही कळवावे लागतात.

(पहाट. ओला ट्रॅक. गाडी पहिल्या वळणात शिरते.)

(निवेदन नाही. पूर्ण एक फेरी.)

ट्रॅकवरून परत आल्यावर गाडी पुन्हा जॅकवर चढली. प्रत्येक नट-बोल्टवर आवळताना पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली होती, अर्धी नटवर, अर्धी आर्मवर. टॉर्चच्या उजेडात मालकीण एकेक रेघ तपासते. मागच्या डाव्या शॉकच्या खालच्या बोल्टची रेघ केसभर सरकलेली आहे. ती टॉर्क पाना घेते, खटका वाजेपर्यंत आवळते, जुनी रेघ पुसते आणि नवी ओढते.