सगळा खेळ सालीचा

'फूल' म्हटल्यावर तुमच्यातले काहीजण हसले, ते मी पाहिलं. अरबीत फूल म्हणजे बाकला, ज्याला आपण आता फावा बीन्स म्हणतो. आपला वाल वेगळा, घेवडाही वेगळा. पाकिटावरचं नाव नीट वाचूनच घ्या, कारण आज मी इजिप्तच्या ज्या तीन पदार्थांबद्दल बोलणार आहे, ते तिन्ही या एकाच दाण्याचे आहेत. फरक आहे तो सालीचा.

पहिला पदार्थ फूल मुदम्मस. यात दाणे सालीसकट शिजवायचे. म्हणून दाणा बारीक हवा. मोठ्या दाण्याची साल जाड असते, कितीही शिजवा, तोंडात राहतेच. बारीक जातीला तिथे 'फूल हम्माम' म्हणतात, हम्माम म्हणजे न्हाणीघर. जुन्या कैरोत सार्वजनिक न्हाणीघरांच्या भट्ट्या दिवसभर पेटलेल्या असत. रात्री त्यांच्या निखाऱ्यांत फुलाची भांडी पुरून ठेवत आणि सकाळी गावाला न्याहारी मिळे, असं सांगतात. आजही गाडीवरचं भांडं पोटाशी फुगीर आणि गळ्याशी अरुंद असतं, म्हणजे वाफ कोंडून राहते. विकणारा लांब दांड्याच्या पळीनं त्यातून दाणे काढतो.

घरी पाव किलो दाणे रात्रभर भिजवा. सकाळी पाणी बदला, मूठभर मसूर डाळ टाका, म्हणजे रस दाटतो. मंद आचेवर पाच-सहा तास ठेवा. पाणी आटलं तर उकळतंच घाला, गार नको. कुकरही चालतो. मी कुकरच वापरते, पण खरं सांगायचं तर चव थोडी उणीच येते. मीठ शेवटी. मग लसूण-मीठ ठेचून, जिरेपूड, लिंबू आणि भरपूर तेल घालून अर्धवट घोटा. पार पीठ करू नका. इजिप्तमध्ये जवसाचं तेलही घालतात. आपल्याकडे घाण्याचं जवसाचं तेल मिळतं, ते घ्या, पण वरून ओता, तापवू नका. सोबत कोंड्याची 'ऐश बलदी'. अरबीत ऐश म्हणजे जगणं, इजिप्तमध्ये तोच शब्द भाकरीला. रमजानच्या सहरीला फूल हवंच, आणि तिथल्या कॉप्टिक ख्रिश्चनांच्या लांबलचक उपासांतही, कारण त्यात मांस, अंडी, दूध चालत नाही.

दुसरा तामिया, म्हणजे बाकल्याचा तळलेला वडा. याची मी पहिल्यांदा पार वाट लावली होती. डब्यातले शिजवलेले दाणे वाटले, नि कढईत नुसता चिवडा झाला. दाणा कच्चाच हवा. साल काढलेली बाकल्याची डाळ रात्रभर भिजवून, पाणी निथळून, कांद्याची पात, कोथिंबीर, पार्सली, शेपू, लसूण, धने-जिरे घालून वाटा. कच्चा स्टार्च तेलात शिजतो आणि तोच वडा धरून ठेवतो, म्हणून बेसन लागत नाही. हिरवा पाला कंजूषपणे घालू नका, तोडल्यावर आतून वडा हिरवागार दिसला पाहिजे. थापून वर तीळ लावा आणि तळा. लेबनॉन-सीरियाकडे असाच वडा हरभऱ्याचा करतात, त्यावरून दोन्हीकडचे लोक हिरिरीनं भांडतात. माझं मत इजिप्तच्या बाजूनं. बाकल्याचा वडा आतून हलका होतो.

एक इशारा इथेच देते. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी हे एन्झाइम कमी आहे, त्यांनी बाकला अजिबात खाऊ नये. तांबड्या पेशी फुटतात. घरात कुणाला तसं सांगितलेलं असेल, तर हे पदार्थ त्यांच्यासाठी नाहीत.

तिसरा बिसारा. तीच सालकाढी डाळ, पण आता कांदा-लसणाबरोबर मऊ शिजवायची. कोथिंबीर, पार्सली, शेपू, पुदिना घालून घोटायची आणि पिठल्याइतकी घट्ट होईतो आटवायची. लसूण आणि धनेपूड तेलात लाल करून वर ओतायची. गरम असताना ती साधीच लागते. ताटलीत ओतून गार होऊ द्या, वर साय धरते. मग त्यावर कुरकुरीत तळलेला कांदा पसरा, आणि हातानं तोडलेल्या भाकरीनं कडेकडेनं खायला लागा.