एमा थॉम्प्सन : स्वतःसाठी अश्रू लिहिणारी अभिनेत्री

[पडद्यावर : 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी', १९९५. बैठकीची खोली. आई, तीन मुली आणि समोर अवघडून उभा असलेला एडवर्ड.]

लग्न एडवर्डचं झालेलंच नाही, झालं ते त्याच्या भावाचं. एवढं कळतं आणि त्याच्यावर मनोमन प्रेम करणाऱ्या थोरल्या एलिनॉरला रडू कोसळतं. हे नुसतं डोळे पाणावणं नाही. छातीतून येणारे, आवरूनही न आवरणारे हुंदके आहेत. आई आणि बहिणी उठून बाहेर जातात. एडवर्ड तिथंच उभा.

इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनच्या याच नावाच्या मूळ कादंबरीत एलिनॉर अशी कुणासमोर रडत नाही. ती जवळजवळ पळतच खोलीबाहेर जाते आणि दार लागल्यावर तिचा बांध फुटतो. एडवर्डला फार तर तिची लगबग दिसते, कदाचित हुंदका ऐकू येतो. पटकथा लिहिताना एमा थॉम्प्सननं मधलं ते दारच काढून टाकलं. दोन तास जिनं आईला सावरलं, घरखर्चाचा मेळ घातला, मधल्या बहिणीचं आजारपण काढलं आणि स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही, ती ज्याच्यापायी हे सगळं गिळत होती त्याच्याच पुढ्यात कोसळते. आणि एलिनॉर साकारतेय पटकथा लिहिणारीच.

अभिनयासाठी ऑस्कर आणि लेखनासाठीही ऑस्कर, असं आजवर फक्त एमा थॉम्प्सनला मिळालंय. विक्रम म्हणून हे वाक्य नेहमी ऐकू येतं. मला मात्र या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत. शब्द कुठं थांबले की नट पुढचं काम करू शकतो, हे तिला ठाऊक आहे, आणि म्हणून तिची पटकथा नेमक्या त्या जागी गप्प बसते.

[पडद्यावर : लंडन, मग केंब्रिजचं न्यूनहॅम कॉलेज.]

जन्म १५ एप्रिल १९५९, लंडन. आई फिलिडा लॉ अभिनेत्री. वडील एरिक थॉम्प्सन अभिनेते, आणि मुलांसाठीच्या 'द मॅजिक राउंडअबाउट' या मालिकेचे निवेदक. मालिका मूळ फ्रेंच. एरिक यांनी मूळ संवाद बाजूला ठेवले आणि चित्रं बघून स्वतःच्याच गोष्टी रचल्या. लहान मुलांशी बोलताना शब्द बाळबोध करायचे नाहीत, हा त्यांचा बाणा. १९८२ साली ते गेले तेव्हा एमा जेमतेम तेवीस वर्षांची होती.

केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य शिकताना ती 'फुटलाइट्स' या विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळात आली. सोबतीला ह्यू लॉरी आणि स्टीफन फ्राय. १९८१ मध्ये या मंडळींच्या प्रयोगाला एडिनबरा महोत्सवात विनोदासाठीचा पहिला पेरिये पुरस्कार मिळाला. म्हणजे सुरुवात विनोदानं झाली, आणि विनोद स्वतः लिहून स्वतःच करायचा ही सवय तेव्हाचीच.

१९८७ मध्ये 'टुटी फ्रुटी' आणि 'फॉर्च्युन्स ऑफ वॉर' या दोन मालिका आल्या आणि त्यांतल्या कामासाठी तिला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी बीबीसीवर 'थॉम्प्सन' हा तिचा स्वतःचा, स्वतः लिहिलेला प्रहसनांचा कार्यक्रम आला. समीक्षकांनी तो अक्षरशः झोडपला. पण अमेरिकेतल्या निर्मात्या लिंडसे डोरॅन यांनी त्यातली जुन्या काळातली प्रहसनं पाहिली आणि त्यांना वाटलं, ऑस्टिनच्या कादंबरीची पटकथा ही लिहू शकेल. त्याआधी एमानं चित्रपटासाठी एक पानही लिहिलेलं नव्हतं. पडलेल्या कार्यक्रमातून असं काम मिळणं ही तिच्या कारकिर्दीतली मला सगळ्यात आवडती गोष्ट.

[पडद्यावर : 'हॉवर्ड्स एंड', १९९२.]

पटकथेचे खर्डे चालू असतानाच तिचा अभिनय बहरत होता. 'हॉवर्ड्स एंड'चे निर्माते इस्माइल मर्चंट आपल्या मुंबईचे, सेंट झेवियर्स कॉलेजचे विद्यार्थी. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी. यातली मार्गारेट नवऱ्याला सुनावते : तुमचं बाहेर प्रकरण होतं, मी माफ केलं, माझ्या बहिणीच्या वाट्याला तेच आलं तर तुम्ही तिला घराबाहेर काढता? हा प्रसंग पाहाच. १९९३ मध्ये या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं. त्याच वर्षी 'द रिमेन्स ऑफ द डे' आला. बटलर स्टीव्हन्स छातीशी पुस्तक घट्ट धरून उभा आहे, आणि त्याच घरातली हाउसकीपर मिस केंटन त्याचं एकेक बोट हलकेच सोडवतेय. अँथनी हॉपकिन्स आणि एमा, दोघंही श्वास रोखून. संवाद अगदी मोजके आहेत आणि प्रेमाची कबुली एका शब्दानंही नाही.

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या पटकथेवर जवळजवळ पाच वर्षं गेली. एकदा तर कॉम्प्युटरवरचा मजकूर अगम्य चिन्हांमध्ये बदलला. ती ते यंत्र उचलून स्टीफन फ्रायच्या घरी गेली आणि त्यानं काही तास खटपट करून पटकथा परत मिळवली.

त्या पटकथेतलं एक उदाहरण देतो. त्या काळी वडिलांची मालमत्ता मुलाकडे जायची. हे न कळलं तर पुढची गोष्टच कळत नाही. कादंबरी हे निवेदनातून सांगते. एमानं एलिनॉरची सगळ्यात धाकटी बहीण मार्गारेट पुढे आणली. कादंबरीत जेमतेम असलेली ही पोर इथं झाडावरच्या घरात आणि टेबलाखाली लपते, नकाशे बघते. तिच्या प्रश्नाला एलिनॉर उत्तर देते की घर बापाकडून मुलाकडे जातं, मुलीकडे नाही. कायदाच तसा आहे. झालं! प्रेक्षकालाही कळलं, आणि एलिनॉरला ते उच्चारताना काय वाटलं असेल तेही कळलं.

तैवानचे अँग ली दिग्दर्शक म्हणून आले. कादंबरीतली एलिनॉर एकोणीस वर्षांची, एमा तेव्हा छत्तिशीच्या उंबरठ्यावर. ते मला खटकत नाही. जबाबदारीनं लवकर पोक्त झालेली मुलगी तिच्या चेहऱ्यावर नीट दिसते. २५ मार्च १९९६ ला ऑस्कर स्वीकारताना तिनं सांगितलं की आपण विंचेस्टर कॅथीड्रलमध्ये जेन ऑस्टिनच्या समाधीला भेट देऊन आलो, आणि सिनेमाच्या कमाईचा आकडाही तिच्या कानावर घातला.

[पडद्यावर : 'विट', २००१. हॉस्पिटलची खोली.]

त्यानंतरचं तिचं सगळ्यात मोठं काम कमी लोकांनी पाहिलंय. टीव्हीसाठीचा 'विट'. मूळ नाटक मार्गारेट एडसनचं, पटकथा एमा आणि दिग्दर्शक माइक निकोल्स यांची. व्हिव्हियन ही इंग्रज कवी जॉन डनच्या कवितेची करडी प्राध्यापिका, अंडाशयाचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात. डोक्यावर केस नाहीत, आणि ती थेट आपल्याकडे बघून बोलते. आयुष्यभर शब्दांची चिरफाड करणाऱ्या या बाईला शेवटी एका नर्सनं दिलेली आइस कँडी हवीशी वाटते. पाहणं सोपं नाही, तरी पाहाच.

'लव्ह ॲक्च्युअली' बहुतेकांनी पाहिलेला असतो. नवऱ्यानं घेतलेला हार आपल्यासाठीच असं वाटून ती भेट उघडते, आत हार नाही, सीडी आहे. ती बेडरूममध्ये जाते, रडते, पलंगावरची चादर सारखी करते आणि हसऱ्या चेहऱ्यानं मुलांकडे परत येते. पुढे 'हॅरी पॉटर'मधली प्रोफेसर ट्रेलॉनी झाली, मोठमोठे चष्मे लावून. 'नॅनी मॅक्फी'साठी पुन्हा लेखणी धरली आणि स्वतःच्या चेहऱ्यावर चामखिळी चिकटवल्या. २०२२ मध्ये 'गुड लक टू यू, लिओ ग्रँड'मध्ये निवृत्त विधवा शिक्षिका होऊन, बायकांच्या देहाबद्दल उघड बोलणारी भूमिका केली, वयाच्या साठीनंतर.

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'ची पटकथा आणि चित्रीकरणाच्या दिवसांची तिची रोजनिशी एकाच पुस्तकात छापलेली आहे. मराठीत पटकथा लिहू पाहणाऱ्यांनी ते मिळवावं, शेजारी मूळ कादंबरी उघडी ठेवावी आणि एलिनॉरच्या रडण्याचं पान दोन्हीकडे वाचून मग सिनेमा लावावा.