गळ्यातली गाठ, अन्ननलिकेतलं रक्त

(इमर्जन्सी वॉर्डाबाहेरचा बाक. रात्र.)

माणसाला रक्ताची उलटी झाली, की पहिला प्रश्न येतो, "पीत होते का हो?" बायको सांगून सांगून थकते, की यांनी थेंबालाही हात लावलेला नाही.

प्रश्न उगाच येत नाही. सिरोसिसमध्ये लिव्हर घट्ट होतं, आतड्यांकडून आलेलं रक्त तिथं अडतं आणि आडवाटेनं अन्ननलिकेच्या शिरांतून वर चढू लागतं. शिरा फुगतात, कधी फुटतात. पण त्या फुगतात तळाशी, जठराजवळ.

(एंडोस्कोपीचा पडदा.)

आता इथे बघा. दुर्बिणीच्या नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात, अंतर पुढच्या दातांपासून मोजतात. अन्ननलिका साधारण १५ सेंटिमीटरवर सुरू होते आणि ४०च्या आसपास संपते. या निळसर, नागमोडी शिरा २०वरच दिसतायत. नळी खाली जाते तशा त्या विरत जातात. तळ स्वच्छ आहे.

म्हणजे रक्त वरून खाली येतंय. अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञ बेंजामिन फेल्सन यांनी १९६४ साली सहकाऱ्यासोबत लिहिलेल्या लेखात या शिरांना 'डाउनहिल' म्हटलं, उताराच्या शिरा. बहुतेकदा छातीतली वरची महाशीर कुठेतरी दाबली गेलेली असते. क्वचित दाबणारी असते थायरॉईडची गाठ, गलगंड. ती छातीच्या हाडामागे उतरली, की पुढे हाड, मागे मणका. फुगायला जागाच नाही. मानेतून हृदयाकडे जाणाऱ्या शिरा चेपतात आणि रक्त अन्ननलिकेची वाट धरतं.

या शिरा सहसा फुटत नाहीत. जठरातलं आम्ल इतक्या वर क्वचितच पोचतं, आणि लिव्हर धडधाकट असल्यानं रक्त नीट गोठतं. म्हणूनच फुटल्या, तर गळ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, याचं वाईट वाटतं. कारण एक तपासणी पैसे न लागता होते.

(दोन्ही हात वर केलेली व्यक्ती.)

दंड कानाला टेकवून मिनिटभर थांबायचं. चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा तटतटल्या, तर छातीच्या तोंडाशी काहीतरी अडतंय. इंग्लंडचे डॉक्टर ह्यू पेंबर्टन यांनी १९४६मध्ये ही खूण नोंदवली. पुढे सीटी स्कॅन सगळं दाखवतो.

रक्त तातडीनं थांबवावं लागतंच. पण गाठ तशीच राहिली तर दाबही तसाच राहतो. ती काढली, की शिरा ओसरतात. आणि बहुतेकांची छाती उघडावी लागत नाही. गाठ कितीही खाली उतरली, तरी तिला रक्त सहसा मानेतूनच पोचतं. सर्जन मानेवरच्या छेदातून तिला अलगद वर ओढून घेतो.