उजेड पाहिजे, ऊन नको

(दृश्य: वर्धा जिल्ह्यातलं गाव, मे महिन्यातली दुपार. नव्या घरकुलाचं सैपाकघर, बल्ब चालू.)

बाहेर डोळे दिपतात आणि आत तुरीच्या डाळीतले खडे दिसत नाहीत. "लाइट लाव वं, काहीच दिसून नाही राह्यलं." लाइट गेली की सूप घेऊन दारात बसायचं. बाहेर लाखभर लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड सांडलेला. निवडा-टिपायला तीनशे पुरतात, तेवढेही आत येत नाहीत.

खिडकी आहे, पण मावळतीकडे. रस्ता तिकडे म्हणून. चार वाजले की ऊन छज्ज्याखालून थेट ओट्यावर. मग खिडकीला पोतं लागतं, ते मृग लागेपर्यंत निघत नाही.

दक्षिणेची खिडकी जास्त गुणाची. मेच्या चौथ्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे साधा छज्जाही ऊन अडवतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून ४६ अंशांवर. खिडकी चार फुटी, तिच्या माथ्यावर छज्जा दोन फुटी, तर वरचा अर्धा भाग सावलीत आणि खालच्या अर्ध्यातून ऊन आत. थंडीत ते हवंच असतं. उत्तरेकडून उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची तिरीप सोडली तर दिवसभर नुसता उजेड.

(दृश्य: सेवाग्राम आश्रम, आदी निवास, म्हणजे गांधीजींचं इथलं पहिलं घर.)

१९३६. गांधीजींची अट: खर्च पाचशे रुपयांच्या आत, साहित्य आसपासचं. माती, बांबू, कवेलू म्हणजे कौलं. छप्पर उतरतं, खाली ओसरी. अशा घरात उजेड अंगणावरून उसळून, मऊ होऊन आत येतो.

(दृश्य: कवेलूंमध्ये बसवलेलं काचेचं कवेलू, जमिनीवर उन्हाचा चौकोन.)

हा जुना उपाय. एक पुरे. हौसेनं चार बसवली, तर मे महिन्यात चूल पेटवायची गरज उरणार नाही!

घरकुल योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. एवढ्याशा घरात खिडकीच्या आकारापेक्षा उंची महत्त्वाची. खिडकीचा माथा जितका उंच, त्याच्या दीड-दोन पट आतवर कामापुरता उजेड पोचतो. लोक चोराच्या आणि धुळीच्या भीतीनं खिडकी लहान ठेवतात. ते काही चूक नाही. पण लहानच ठेवायची तर वर, छताजवळ ठेवा, गज लावून. आतून चुना मारा. धुरानं काळवंडलेली भिंत आलेला उजेड गिळून टाकते.

हे सगळं गवंड्याशी बोलायचं ते जोत्यावर भिंती उभ्या राहण्याआधी. लेंटल, म्हणजे दार-खिडकीवरची काँक्रीटची पट्टी, पडल्यावर तो ऐकेल, पण पैसे वेगळे मागेल.