अडकलेली गाडी नेमकी कुठे अडकते?

अध्यक्ष महोदय आणि रेल्वेवेड्या मित्रांनो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘थेट रेल्वे-कॅमेरे पाहताना येणाऱ्या अडचणी व त्यांचे निवारण’ असा छापला आहे; म्हणजे रुळांकडे रोखलेल्या आणि इंटरनेटवर चालू चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांचा. तो वाचूनही आपण खुर्च्या कमी पडाव्यात इतक्या संख्येने आलात, यावरून काल रात्री निम्म्याअधिक घरांत पडद्याच्या मधोमध ते पांढरे वर्तुळ फिरत होते, असा निष्कर्ष मी काढतो. वर्तुळ फिरू लागले की आपण सगळे एकच गोष्ट करतो: हाताशी येईल ते बंद करून पुन्हा चालू करतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, मालगाडी वाटेत अडकली तर कंट्रोलर आधी ती कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये आहे हे विचारतो. उठून इंजिनाला लाथ घालत नाही. चित्र अडकले तरी हाच पहिला प्रश्न विचारायला हवा, आणि तो विचारण्याची रीत सांगण्यासाठीच मी उभा आहे. परंतु ही शिस्त मला उपजत नव्हती. ती कशी लागली, ते आधी सांगावे लागेल.

पेनसिल्व्हेनियातील अल्टूना गावाजवळचे हॉर्सशू कर्व्ह आपल्याला ठाऊक आहे. १८५४ साली, म्हणजे आपला भोर घाट खुला होण्याच्या नऊ वर्षे आधी, पेनसिल्व्हेनिया रेलरोडने डोंगराच्या कुशीत घोड्याच्या नालासारखे वळण घेऊन लोहमार्ग वर चढवला. आपल्याकडे कर्जतला बँकर लागतात, तशी तिथे मालगाड्यांना रेटणारी जादा इंजिने आजही लागतात. त्यामुळे कर्जतच्या फलाटावर ज्याची जवानी गेली, त्याला हे ठिकाण माहेरासारखे वाटते. माझा पुतण्या पिट्सबर्गला असतो. त्याने एका जानेवारीत तिथल्या थेट कॅमेऱ्याचा दुवा पाठवला. आपल्या रात्रीच्या साडेनऊला तिकडे सकाळचे अकरा वाजलेले असतात, तेव्हा जेवणे आटोपून मी संगणकासमोर बसलो.

चित्र उघडले. बर्फ, निष्पर्ण झाडे, रिकामे रूळ आणि डाव्या हाताला एक सुंदर डिझेल इंजिन. त्यावर ७०४८ हा क्रमांक स्पष्ट दिसत होता. मी सिग्नल मिळण्याची वाट पाहत बसलो. दहा मिनिटे गेली, वीस गेली, इंजिन हलेना. चित्र गोठले आहे याबद्दल माझी खात्री पटली. पान ताजे केले, ब्राउझर बदलला, राउटर बंद करून तीस आकडे मोजले आणि पुन्हा चालू केला. त्या तीस आकड्यांत बाहेरच्या खोलीत सौभाग्यवतींच्या मालिकेतील एक लग्न मोडले, आणि ते का मोडले हे आमच्या घरात अद्याप कोणालाही कळलेले नाही. पुढे मी कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या फायली, साफ केली. तिच्यासोबत कुकीजही गेल्या आणि बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळीकडून मी बाहेर फेकला गेलो. ७०४८ मात्र तसूभरही हलले नव्हते.

मग मी इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. ती कोणती कंपनी हे सांगत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाला ती आपलीच वाटेल. पलीकडच्या मुलाने माझ्याकडून वेग मोजून घेतला. तो चाळीस एमबीपीएस, म्हणजे भरपूर, भरला. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, “सर, चित्रात नेमके काय हलत नाहीये?” मी म्हटले, “इंजिन.” तो म्हणाला, “सर, इंजिन थांबले असेल.” रेल्वेतले तुला काय कळते, असे मी त्याला बरेच सुनावले, तक्रार क्रमांक मागून घेतला, आणि पुतण्याला फोन केला. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, ते इंजिन १९८५ पासून तिथेच उभे आहे.”

ते बागेत शोभेसाठी ठेवलेले जीपी-९ जातीचे इंजिन आहे. आधी त्या जागी के-फोर जातीचे १३६१ क्रमांकाचे वाफेचे इंजिन होते. ते दुरुस्तीसाठी हलवले तेव्हा हे आणून ठेवले. मी दीड तास एका निरोगी प्रक्षेपणावर उपचार करत होतो. चित्राच्या कोपऱ्यात बारीक आकड्यांचे घड्याळ सेकंदासेकंदाला पुढे सरकत होते, पण मी इंजिनावरून नजर हलवली असती तर ना! (त्या मदतकेंद्रातील मुलाची क्षमा मी आज, उशिराने, जाहीरपणे मागतो.)

तेव्हापासून माझी पहिली तपासणी ठरलेली आहे: चित्र खरोखर थांबले आहे काय? घड्याळ पाहावे, नसल्यास झाडाची फांदी पाहावी, आवाज चालू करून वारा ऐकावा. गाडीवर विसंबू नये. रेल्वेच्या कॅमेऱ्यात बहुतांश वेळ गाडी नसतेच.

आता चित्र खरोखर थांबत असेल तर ते प्रवास कसा करते हे कळले पाहिजे. ‘स्ट्रीम’ या शब्दाने आपली दिशाभूल केली आहे; नळातून पाणी यावे तसे चित्र येत नाही, ते मालगाडीच्या वाघिणींतून, म्हणजे डब्यांतून, येते. कॅमेऱ्याजवळचा एन्कोडर चित्र दाबून लहान करतो आणि सर्व्हरवर पाठवतो, तिथे त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. २००९ मध्ये ॲपलने मांडलेल्या एचएलएस पद्धतीत हे तुकडे सुरुवातीला १० सेकंदांचे असत, पुढे ६ सेकंदांचे सुचवले जाऊ लागले. सोबत वाघिणींची एक यादी असते आणि ती सतत नवी होत राहते. आपल्या घरचा प्लेअर ती यादी वाचतो, एकेक वाघीण मागवतो, आणि दोन-तीन वाघिणी आपल्या यार्डात भरून ठेवूनच गाडी सोडतो. या यार्डालाच बफर म्हणतात. तीन वाघिणी सहा सेकंदांच्या धरल्या तर अठरा सेकंद इथेच गेले. त्यावर चित्र दाबणे, तुकडे पाडणे आणि समुद्रापार येणे यांचा वेळ. म्हणून ‘लाइव्ह’ असे लाल अक्षरांत लिहिलेले चित्र प्रत्यक्षात वीस-तीस सेकंद शिळे असते. वळणावर उभा असलेला पुतण्या फोनवर “आली, आली” म्हणतो, तेव्हा माझ्याकडे रूळ रिकामे असतात. हा बिघाड नव्हे. यार्डातील शेवटची वाघीण रिकामी झाली आणि पुढची पोहोचली नाही, की वर्तुळ फिरते. म्हणजेच वर्तुळ

(अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे. शोभेच्या इंजिनाने आमचा वेळ दुसऱ्यांदा खाल्ला.)

म्हणजेच वर्तुळ ही वाहतुकीची अडचण आहे, आणि ती कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये आहे हे दोन चाचण्यांत कळते. त्याच यूट्यूब वाहिनीवरचा दुसरा कॅमेरा उघडावा. तो व्यवस्थित चालत असेल तर दोष पहिल्या कॅमेऱ्यात किंवा त्याच्या गावच्या जोडणीत आहे, तिथे बर्फ पडला असेल, वीज गेली असेल, आपण झोपावे. दुसराही अडखळत असेल तर पहिलाच कॅमेरा मोबाइलवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर पाहावा. तिथे चालला तर दोष आपल्या घरात किंवा घरच्या जोडणीत, तिथेही अडला तर बहुधा वाहिनीच्या सर्व्हरकडे. एवढे होईपर्यंत राउटरला हात लावायचा नाही.

दोष घरात निघाला तर: १०८० दर्जाच्या चित्राला साधारण पाच एमबीपीएस लागतात, ४८० ला सव्वाएकच्या आसपास, तेव्हा दर्जा ‘ऑटो’वर न सोडता हाताने उतरवून पाहावा. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल आणि शेजारी मायक्रोवेव्हमध्ये भाजी गरम होत असेल तर वाघिणी वाटेत सांडतात. ५ गिगाहर्ट्झवर जावे, किंवा सरळ केबल जोडावी.

वर्तुळ फिरत नाही, पण चित्र धक्के खात चालते, तर वाघिणी पोहोचल्या आहेत, आपला संगणक त्या उतरवून घ्यायला कमी पडतो आहे. यूट्यूबवर चित्रावर उजवी टिचकी मारून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडावे. गळालेल्या फ्रेमचा, म्हणजे दाखवायच्या राहून गेलेल्या चित्रांचा, आकडा वाढत असेल तर निदान झाले. ब्राउझरमधील हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्राचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्याची सोय) बंद असेल तर चालू करावे, आणि चालू असूनही त्रास होत असेल तर एकदा बंद करून पाहावे. जुन्या यंत्रांत दोन्ही प्रकार आढळतात.

आवाज येत नाही अशी तक्रार पुष्कळजण करतात. २०१८ पासून क्रोम आपोआप सुरू होणारा आवाज अडवते. कर्ण्याच्या चिन्हावर एकदा टिचकी मारली की भोंगा ऐकू येतो. पान उघडतच नाही आणि ‘सुरक्षित नाही’ असे काही दिसते, तेव्हा संगणकाची तारीख पाहावी; मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला की यंत्र कित्येक वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळाचे प्रमाणपत्र त्याला अजून जन्मलेलेच वाटत नाही.

चित्र चालते पण आपण मिनिटभर मागे आहोत, तर मध्ये कधीतरी विराम दिला गेला आहे. ‘लाइव्ह’ या शब्दावर टिचकी मारावी. आणि जतन केलेला दुवा ‘प्रक्षेपण संपले’ असे म्हणत असेल, तर कॅमेरा मेलेला नसतो. यूट्यूबवरचे प्रक्षेपण तुटून नव्याने सुरू झाले की त्याचा पत्ता बदलू शकतो, म्हणून व्हिडिओचा नव्हे तर वाहिनीचा दुवा जतन करावा.

अध्यक्ष उभे राहिले आहेत. ज्यांना आपापली अडचण दाखवायची असेल त्यांनी फोन घेऊन पुढे यावे. मात्र येण्यापूर्वी चित्राच्या कोपऱ्यातील घड्याळ चालू आहे की नाही, एवढे पाहून यावे.